मेंदूच्या बाई

आमच्या गावात ‘फिट’ हा शब्द दबक्या आवाजात बोलायची रीत होती. बाई तो हजेरी घेतल्यासारखा खणखणीत उच्चारायच्या. सातवीत मला भर वर्गात फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं कानावर पडलं ते त्यांचंच बोलणं, "फिट आली होती. लाजायचं काय त्यात?"

पाथर्डी तालुक्यातल्या त्या शाळेत बाई विज्ञान शिकवायच्या. पुस्तकात मेंदूला जेमतेम एक पान होतं. बाईंनी त्यावर महिना घातला. एकदा सगळ्या वर्गाला मैदानात हात धरून उभं केलं. पहिल्यानं दुसऱ्याचा हात दाबायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. शेवटच्यानं हात वर केला की निरोप पोचला, मेंदूत पोचतो तसा. मग म्हणाल्या, आता सगळ्यांनी एकदम दाबा, हवं तेव्हा, हवं तसं. नुसता गोंधळ उडाला, कुणाचं कुणाला कळेना.

"ही झाली फिट. यात भूत कुणाला दिसलं?"

कुणालाच दिसलं नव्हतं. मग सराव सुरू झाला. एकानं पडायचं, बाकीच्यांनी त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवायची. पडायची हौस सगळ्यांनाच होती.

बाईंनी मागे लागून वडिलांना नगरच्या डॉक्टरकडे जायला लावलं. गोळ्या सुरू झाल्या, तरी वडिलांची धास्ती जाईना. "बाई हायेत तवर पाठवतो," ते म्हणाले. "मग घरी."

एके दिवशी बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या आणि मी नेमकी परिपाठालाच पडले. मला त्यातलं काही आठवत नाही; मैत्रिणीनं, संगीतानं, नंतर सांगितलं. शाळा समितीचे अध्यक्ष, तात्या, पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावायला धावले. पोरांनी मला कुशीवर केलं आणि भोवती कडं धरलं. संगीता घड्याळावरची नजर न काढता म्हणाली, "चप्पल घाला तात्या. दोन मिनिटं झाल्यात. थांबंल आपोआप."

आणि फिट थांबली.

तात्यांना ते फार लागलं. पोरं उर्मट केली म्हणून बाईंनी माफी लिहून द्यावी, असं समितीत ठरलं. बाईंनी कागद कोराच परत केला. वर म्हणाल्या, पोरांचं काय चुकलं ते आधी डॉक्टरांना विचारून या. पुढच्या बदल्यांत त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा कोपरगाव तालुका मिळाला.

जायच्या दिवशी वडील मला घेऊन एसटीच्या थांब्यावर आले. मला बाईंचा राग आला होता, खरंच सांगते. आता मी पडले तर कोण बघणार, असं मी रडत विचारलं. बाई चिडल्याच.

"त्या दिवशी तरी मी कुठं होते?"

एसटी गेली. घराजवळ आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "ती संगी उद्या शाळंत येनार हाय का?"

मी हो म्हणाले.

"मग तू बी जा."