दंतमंजनानं घासलेले डॉलर

कुवेतमध्ये इराकी फौज घुसली तेव्हा नवरा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेलेला. मी तिथल्या मंगफ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मागे राहिले होते, कारण हॉस्पिटलच्या नर्स मुलींचे डबे माझ्याकडे होते. फोन बंद पडले. मुली एकेक करून निघून गेल्या. दसऱ्यापर्यंत मजल्यावर मी एकटी उरले. दिवसदिवस तोंड उघडायचं कारण पडत नसे.

नवऱ्याला जुने अमेरिकन चांदीचे डॉलर जमवायचा नाद. एका बाजूला बाईचं तोंड, दुसऱ्या बाजूला गरुड. सुट्टीच्या दिवशी भिंग घेऊन बसायचा. माझ्याकडे कधी बघितलं नसेल इतकं त्या बाईकडे बघायचा. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मी चौथी पास, तीही मराठी.

दसऱ्याला घरातली चांदी काळी ठेवायची नाही, ही आईची शिस्त. देव घासले, मग ते बावीस डॉलर काढले. दंतमंजन आणि जुना ब्रश. दुपार बरी गेली. लखलखीत करून पूजेत मांडले.

पुढच्या आठवड्यात जॉर्डनच्या हद्दीपर्यंत एक बस निघणार होती. ड्रायव्हर दिनार हातात धरेना, त्याला डॉलरच्या नोटा हव्या होत्या. माझं सोनं लॉकरमध्ये आणि बँक बंद. नाणी परत पाकिटांत भरून पिशवीत घातली आणि हवल्लीचा बाजार गाठला. तिथे एक म्हातारा पॅलेस्टिनी चांदीवाला होता, गिऱ्हाइकांमुळे हिंदी शिकलेला.

त्यानं एक नाणं उजेडात धरलं. "अम्मा, ये किसने किया?"

"मैंने. चमकता नहीं क्या?"

"चमकता है. यही तो रोना है." जुन्या नाण्याला त्याच्या काळेपणाची किंमत असते, घासलं की उरते नुसती चांदी, असं त्यानं सांगितलं. मग पाकीट माझ्यापुढे धरलं. "इसपे लिखा है, साफ मत करना. सबपे लिखा है."

न घासलेल्या एकाच नाण्यात माझी सीट निघाली असती. आता बावीसच्या बावीस तराजूत गेली तेव्हा कुठे भाडं जमलं. रिकामी पाकिटं मी परत मागून घेतली.

जॉर्डनहून सरकारी विमानानं देशात आले. नाशिकला नवऱ्यानं दार उघडलं. "नाणी आणलीस?"

पाकिटं त्याच्या हातात दिली. "घासली. मग विकली. म्हणून आले."

"अगं, वर लिहिलं होतं ना!"

"मराठीत लिहायचं होतंत."

तो बराच वेळ पाकिटं चाळत बसला. मग म्हणाला, "तू कधी उघडून बघशील असं वाटलंच नव्हतं."

मी चप्पल काढली आणि चहा टाकायला आत गेले.