बुधवारचा मोकळा तास

बुधवार, ९ जुलै. सकाळी शिकाऊ डॉक्टरांच्या ड्युटीचा तक्ता तपासला. चष्म्याचा स्क्रू बसवून घेतला. दुपारी तीन ते चार दार उघडे ठेवले. कोणी आले नाही.

शेवटची ओळ बाईंनी रोजनिशीत लिहिली तेव्हा साडेतीनच वाजले होते. चाळीस वर्षांत घडण्याआधी त्यांनी काही लिहिलं नव्हतं. पण सात महिने दर बुधवारी तेच लिहून हात सरावला होता. डॉक्टरकीतून निवृत्त झाल्यावर रुग्णालयानं त्यांना शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर आणि ख्यालीखुशालीवर देखरेख ठेवायला बोलावलं होतं. खोली दिली, दोन खुर्च्या दिल्या, पण नेमक्या विभागप्रमुखांच्या दारासमोर. त्यांच्या डोळ्यांदेखत रडगाणं घेऊन कोण येणार? दुसरी खुर्ची रिकामीच राही. घरीही बाईंच्या टेबलाशी दुसरी खुर्ची होती. यजमान गेल्यापासून तिच्यावर वर्तमानपत्रं साठत होती.

पावणेचारला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात आली.

"मॅडम, सही हवी होती. राजीनाम्यावर. पाचला ऑफिस बंद होतं."

"आधी बस. उभ्यानं दिलेला राजीनामा चालत नाही."

"असा नियम आहे?"

"आत्ताच केला. ड्युटीवर कधी आलीस?"

"परवा सकाळी."

"आणि झोपलीस कधी?"

"लिफ्टमध्ये. दोन मजले."

बाई हसल्या. तक्त्यात तिच्या नावापुढे बारा-बारा तास लिहिले होते. तो तक्ता त्यांनी सकाळीच, एकही खाडाखोड नाही म्हणून, समाधानानं मिटला होता. त्यांनी पेनाचं टोपण काढेपर्यंत मुलीची मान कलली होती.

टेबलावरचा तिचा फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर. "डॉक्टर कुठे आहेत? सलाइन लावायचंय."

"झोपल्यात. मी येते."

दुखरे गुडघे सावरत बाई दोन जिने चढल्या. सलाइन लावताना पाठीमागे विभागप्रमुख येऊन उभे राहिले.

"बाई, लाड करताय पोरांचे. आपण नाही का काढले असे दिवस?"

"काढले ना. आपल्याला कुणी विचारलं होतं का, ते आठवा. तिला दोन दिवस सुट्टी हवी. आणि तक्ता खोटा आहे. तो मी तपासला, म्हणून मीही खोटी."

त्यांनी सिस्टरांकडून कोरा कागद मागितला. तिथेच तिची सुट्टी लिहून सही केली.

वॉर्डातली तिची बाकीची कामंही उरकून बाई परतल्या तेव्हा साडेपाच झाले होते. मुलगी दचकून उठली. "ऑफिस बंद झालं!"

"उद्या उघडेल. तुला परवापर्यंत सुट्टी आहे. पोटभर झोपून उठल्यावरही जावंसं वाटलं, तर सही करीन."

तिनं राजीनाम्याची घडी करून खिशात टाकली. दारातून वळून म्हणाली, "बुधवारी असता ना तुम्ही?"

"असतेच. जाणार कुठे?"

घरी आल्यावर बाईंनी पट्टी ठेवून शेवटची ओळ खोडली. खाली लिहिलं: एक मुलगी आली. पुढचं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते लिहिलं नाही. दिवा लावला, एकटीचं जेवण उरकलं आणि मग आणखी एक ओळ घातली: खुर्चीवरची रद्दी बांधली. दोन गठ्ठे झाले.