हरभरा ऐकण्याचा समारंभ

जयपूरच्या झालाना भागातल्या आमच्या ऑफिसने पोत्यात खुपसायची एक सळई बनवली होती. तिच्या टोकाला मायक्रोफोन. अळी दाण्याच्या पोटात बसून हरभरा कुरतडते, तो आवाज त्यातून ऐकू येतो. दाणा वरून शाबूत दिसत असतानाच कीड कळते. यंत्र चांगलं होतं. त्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं, तरी म्हणतो.

पहिलं प्रात्यक्षिक मुरलीपुऱ्यातल्या एका गोदामात ठरलं. तिथला गोदामपाल मूळ भुसावळचा, वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे जयपुरात वाढलेला. हरभऱ्यात कीड आहे, औषधाची धुरी द्यायला हवी, असं त्याने दिवाळीआधीच वर कळवलं होतं. ‘यंत्र सांगेल, मग बघू,’ असं उत्तर आलं.

पाहुण्यांच्या सोयीने तारीख पडली जानेवारीत. गोदामात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. समई, साफे, शाली, शिवाय लाउडस्पीकर. अळ्यांचं चर्वण सगळ्यांना ऐकवायचं होतं. हीटर दोन होते, दोन्ही पाहुण्यांच्या पायाशी.

मी आमच्या साहेबांना हळूच म्हटलं, “सर, थंडीत अळ्या खात नाहीत. पोतं रात्रभर उबेत हवं होतं. निदान एक हीटर तिकडे देऊ या.”

“पाहुण्यांना गारठवून अळ्यांना शेक देऊ?”

सळई पोत्यात गेली. स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्या शांततेला टाळ्या पडल्या. माल निरोगी ठरला, धुरी रद्द झाली.

गोदामपाल माझ्याजवळ आला. “भैया, मतलब, आता मी काय करू?”

“पुन्हा कळवा.”

“म्हणतील, मशीनपेक्षा हाच शहाणा.”

तरी त्याने कळवलं. या वेळी उत्तरही आलं नाही.

होळीनंतर ऊन तापलं आणि पोती हलवली की पीठ गळू लागलं. चौकशी बसली. जानेवारीत निरोगी असलेला माल किडला, तर हलगर्जी गोदामपालाचीच, हे बसतानाच ठरलेलं होतं. मी थंडीचं सांगायला गेलो. “म्हणजे तुमचंच यंत्र खोटं?” अध्यक्षांनी विचारलं. खोटं नव्हतं, पण एवढं ऐकून घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

तो निलंबित झाला. किल्ल्या सोपवण्याआधी त्याने माझ्याकडे हेडफोन मागितला. मी सळई खुपसली. आत अखंड कुरकुर चालली होती. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला.

“आता सगळे बोलतायत,” तो म्हणाला. मग हेडफोनची तार नीट गुंडाळून त्याने माझ्या हातात दिली.