पाच किलोला सुटणारा ब्रेक

कप्तानाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते बोटीच्या मागच्या डेकवर मांडी घालून रिळांना अंघोळ घालत होते. खरंच अंघोळ. तांब्यात गोडं पाणी, बारीक धार, मग जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसणं.

"जोरात पाणी मारलं की मीठ आत शिरतं," मान वर न करता ते म्हणाले.

हौशी लोकांना गळाने मासे धरायला नेणारी ती बोट. इंजिन आणि सुकाणू कप्तानाकडे. मासे दाखवणारा पडदा, जिवंत आमिषाची टाकी, दोन्ही बाजूंच्या लांब काठ्या, भारी रिळं, हे सगळं जादा सामान त्यांच्याकडे. म्हणून ते जादाभाऊ. वीस वर्षांत त्यांचं खरं नाव कप्तानही विसरला.

त्यांचा हातखंडा रिळाच्या ब्रेकमध्ये. मासा ओढू लागला की ब्रेकने थोडी थोडी दोरी सोडायची असते. तो आवळलेला असला की दोरी तुटते. पंधरा किलोची दोरी, तर ब्रेक पाच किलोला सुटायला हवा. जादाभाऊ दोरी बोटांना गुंडाळून ओढत आणि म्हणत, "पाच." वजनकाट्याला लावून पाहिलं तरी पाचच.

गेल्या वर्षी साखरेच्या दुखण्याने त्यांची बोटं बधिर झाली. चहाचा कप हातातून निसटू लागला, रिळं ढिली येऊ लागली. त्यांनी सांगितलं नाही, कप्तानाने विचारलं नाही. तो सकाळी लवकर येई आणि प्रत्येक ब्रेक गुपचूप दोन खाचा आवळून ठेवी. बोटीच्या मालकाला कळलं तर जादाभाऊंची नोकरी जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात.

मग एका पाहुण्याच्या गळाला माणसाएवढा मासा लागला. रीळ फिरलंच नाही. टण्णकन दोरी तुटली. मालक शेजारीच उभा होता.

"ब्रेक कोणी लावला?"

"मी," जादाभाऊ म्हणाले. मग कप्तानाकडे वळून हळूच, "काल घरी काट्याला लावला होता हो. हिने आकडा वाचला, पाच म्हणाली. चष्मा नव्हता की काय तिच्या डोळ्यांवर!"

बरोबर लावलेल्या ब्रेकवर कप्तानानेच सकाळी दोन खाचा चढवल्या होत्या.

धक्क्याला लागताच त्याने मालकाला गाठलं. "चूक माझी. सकाळी मी आवळला."

मालक हसला. "कप्तान, मित्रासाठी खोटं बोलताना कान लाल होतात तुमचे. जादा सामानाला आता जादा माणूस नको."

संध्याकाळी कप्तान जादाभाऊंच्या घरी गेला. वहिनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा काटा पाहत बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही बरोबरच वाचलं होतं. मीच..."

"भाऊजी, किती ओढून घ्याल अंगावर?" त्यांनी डोळे पुसले. "नजरच गेली माझी."

"आणि माझी बोटं," जादाभाऊ म्हणाले. "जोडी छान जमली. बसा, चहा घ्या. कप तेवढा तुम्हीच धरा."

कप्तानाने आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोघांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

आता जादाभाऊ धक्क्याच्या फाटकावर बसतात. गाडी आली की दांडा वर करतात, गेली की खाली.