शमीमची काच

शमीमच्या भावाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. "ताई, शमीम गेली," एवढंच बोलला तो. आजार लांबला होता, त्यामुळे धक्का असा बसला नाही. नुसता थकवा आला... तो अजून उतरलेला नाही.

शमीम म्हसवडची. सांगलीच्या कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्र शिकवायचो. तास संपले की ती दोन काचांच्या मधे जेल भरत बसायची. काच गार असली की आरपार दिसायचं. ऊन चढलं की जेल दुधासारखा पांढरा व्हायचा आणि बरंचसं ऊन बाहेरच अडायचं. ना वीज, ना बटण. "आधी ऊन आत घ्यायचं, मग ते घालवायला कूलर लावायचा, हे कुणी सांगितलंय?" असं म्हणायची. पण काचांच्या कडा सुटायच्या, जेलमधलं पाणी उडून जायचं. असे कितीतरी उन्हाळे वाया गेले. एकदा मी म्हटलं, "शमे, खिडकीला जाड पडदा लाव आणि मोकळी हो." तेव्हा कळलं, म्हसवडच्या घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली, पलंग पश्चिमेच्या खिडकीशी. रस्ता दिसतो तेवढंच तिचं जग. "पडदा वडला की कबरीत निजल्यागत वाटतंय म्हणती गं."

कडा पक्क्या बसल्या त्या शमीमची केमो चालू असताना. एक काच तयार झाली. गोधडीत गुंडाळून आम्ही ती जीपनं म्हसवडला नेली. सलीमनं ती बसवली; शमीमला उभं राहवत नव्हतं, ती खुर्चीतूनच सांगत होती. दुपारी काच पांढरी झाली तशी आई घाबरली. "आगं, काच आंधळी झाली की!"

"थांब जरा," शमीम म्हणाली. "ऊन उतरू दे."

संध्याकाळी काच हळूहळू निवळली. घराकडं परतणारी मेंढरं दिसली, आई त्यांच्याकडं बघत राहिली... आणि शमीम खुर्चीतच झोपून गेली होती.

परवा म्हसवडला जाऊन आले. भर दुपार, पांढरी खिडकी, खोलीत सावली. वरच्या कोपऱ्यातला जेल मात्र सुकलाय. तिथून उन्हाचा एक तुकडा थेट आईच्या पायांवर पडतो. सलीम म्हणाला, "आई, साधी काच बसवू का? पडदा लावता येईल."

"नगं," ती म्हणाली. "तेवढं ऊन सोसंल मला."