मोगऱ्याचा ताण

लढाईवर जाताना यांनी साताऱ्यातल्या आमच्या परसात मोगऱ्याची एक फांदी खोचली आणि म्हणाले, "रजेवर येईन तेव्हा याचा गजरा घालून दारात उभी राहा." यांना काय, बोलायचं आणि मोटारीत बसायचं. मागं उरलो मी आणि सासूबाई.

माझ्या जिवाला चैन म्हणून नव्हती. हाताला चाळा हवा, तो मोगऱ्याचा लागला. तांदळाचं धुवण ओत, ताकाचं भांडं विसळून ते पाणी घाल, किडीसाठी पानांवर चुलीची राख चाळ. सांगलीला माहेरी आम्ही असंच करत असू. झुडूप कमरेएवढं झालं, पण नुसती पानं. मी रोज फांदी न् फांदी उलटून कळी शोधायची आणि चिडायची.

"आगं, अति तितं माती," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर माणदेशातलं, पाण्याची किंमत जाणणारं. "मोगऱ्याला ताण द्यावा लागतो. थंडी सरली की पानी तोडायचं, पानं वरबाडायची, मुळं उनात उगडी टाकायची. मग एकदम पानी दिलं की कळ्यांनी भरतो. सुखात ठिवलास तर न्हाई फुलायचा."

चैत्रात रजा मिळेल, असं यांचं पत्र आलं होतं. मी लगेच पानं ओरबाडली, आळं उकरलं, पाणी बंद केलं. वाळक्या काड्यांकडं बघताना हात शिवशिवत. ताण मोगऱ्याला दिला होता, बसला मला.

पण काड्यांना आठवड्याभरात पुन्हा हिरवी पालवी! आळ्यात बोट घातलं तर माती ओली. मला कळेना. एका दुपारी धुणं वाळत घालून वळले, तर सासूबाई पाठमोऱ्या, धुवणाचं पातेलं आळ्यात उपडं करत होत्या.

माझा पारा चढला. "अहो, पाणी तोडायचं तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं गं. पर तहानल्यालं बघवत न्हाई." पातेलं पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "तकडं लढाईवर समदी वाळूच हाय म्हनत्यात. पानी मापून देत्यात."

पुढं त्या उघडपणे पाणी घालू लागल्या आणि मीही अडवलं नाही.

चैत्रात हे आले. काळवंडलेले, गालफडं बसलेली, पण आले. मी दारात उभी होते, वेणी रिकामी. परसात तांब्या दिला, तो अर्धा पिऊन यांनी मोगऱ्याकडं पाहिलं.

"एकही फूल नाही?"

मी चहाडी सांगणार होते. सासूबाई तर आधीच पदराआड तोंड लपवून बसल्या होत्या. पण यांचं लक्षच नव्हतं. तांब्यातलं उरलेलं पाणी थेंबही न सांडता यांनी मुळाशी ओतलं आणि बोटानं माती चाचपली.

"कोरडं ठेवू नका गं याला," म्हणाले.