सरवरीभाभी आणि मुकी घंटी

तिसगावच्या पेठेत बाबाजानचं बॅटऱ्या आणि स्टो दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी बाबाजानच्या नावाची. पण त्याची नजर गेल्यापासून पेचकस असे तो त्याच्या बायकोच्या, सरवरीच्या हातात. तो पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोले, ती मागे पोत्यावर बसून वस्तू उघडून बघे. तेही सगळ्यात शेवटी. आधी ती वस्तू मालकाच्याच हातात परत देई. "घरी वापरता तशी वापरून दाखवा," म्हणे. बाया हसत, पण पंप मारताना कोणाचा हात कुठं चुकतो ते सरवरीला तिथंच दिसे.

एकाहत्तर सालच्या मढीच्या यात्रेत गहिनीनाथ नावाच्या खेळवाल्यानं कापडी पाल ठोकून तारेचा खेळ मांडला होता. फळीवर नागासारखी वळणं घेतलेली जाड तार, तिच्यात ओवलेली पितळी कडी आणि कडीला धरायला लाकडी मूठ. तारेला न शिवता कडी दुसऱ्या टोकाला न्यायची. शिवली की घंटी वाजे आणि डाव जाई. पार नेली तर आरसा नाहीतर कंगवा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो फळी काखोटीला मारून दुकानात हजर.

"भाभी, घंटी मधीच मुकी होतीय. काल एकाची कडी तारेला घासत गेली तरी गप्प, अन् त्या श्रीमंत नावाच्या गड्याची नुसती टेकली तर वाजली. त्यो बोंबलतोय, मी पायाखाली बटन दडवलंय म्हणून. यात्रेचे पंच म्हनले, दुपारपत्तोर खेळ खरा करून दाखव, न्हाईतर पाल उचल. पैशाचं जाऊ द्या, पर चोर म्हनून उठायचं व्हय?"

"खेळून दाखवा," सरवरी म्हणाली.

गहिनीनाथ खेळला. शिवली की वाजे, दर वेळी. सरवरीनं सेल दाबून पाहिले, वायर मुठीपाशी वाकवून पाहिली. कुठं काही नाही.

"डॉक्टरला बघून ताप पळाला," बाबाजान पुढून म्हणाला.

सरवरीचं लक्ष मात्र मुठीवर होतं. मूठ मळानं काळी आणि कडी सोन्यासारखी लखलखीत. एकाच वस्तूची ही दोन तोंडं कशी?

"ही घासली कुणी?"

गहिनीनाथ लाजला. "मीच. राखेनं. तुमच्याकडं घान कशी आनायची?"

"आजार धुऊन आणलात की हो!" सरवरीनं पदर खोचला. "चला मढीला. मला लोक खेळताना बघायचेत."

पालात ती एका कडेला बसून राहिली. पहिले सात-आठ डाव घंटी शहाण्यासारखी वाजली. सरवरी तारेकडं बघतच नव्हती, ती हात बघत होती. वरच्या देवळातून नाथाचं दर्शन घेऊन उतरलेला जो तो एका हातात प्रसादाची रेवडी घेऊन येई, तोंडात टाकी, मग कडीला बोटं लावून कपाळाला लावी आणि डाव सुरू करी. सगळेच. देवाचं नाव घेतल्याशिवाय कोणी कडी हलवीना.

पंधराव्या डावाला कडी तारेला टेकली आणि घंटी गप्प.

"बघा! दाबलं बटन!" श्रीमंत ओरडला. तो पंचांना घेऊनच आला होता.

"श्रीमंतदादा, इकडं या," सरवरी उठली. "फळीखाली हात घाला. आहे बटन?"

त्यानं चाचपलं. "न्हाई."

"आता कडीवर नख ओढा. अन् जिभेला लावा."

"मी? जिभेला?"

"तुम्हीच. माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

श्रीमंतनं नख ओढलं, चाटलं, पुन्हा चाटलं. "आयला… गोड हाय! तीळबी हाय!"

पाल खो-खो हसलं. सरवरीनं ओल्या फडक्यानं कडी पुसली आणि पंचांच्या हातात दिली. साखरेचा पापुद्रा मधे आला की विजेची वाट अडते, एवढंच ती म्हणाली. पंचांनी बोटं धुतली, कडी उचलली आणि पहिल्याच वळणाला ती तारेला टेकताच घंटी खणखणली.

"खेळ खरा हाय," ते म्हणाले. "आमचाच हात वंगाळ."

तेव्हापासून गहिनीनाथाच्या पालाच्या तोंडाशी पाण्याचा हंडा आणि फडकं असे.

दुकानात परतल्यावर बाबाजाननं विचारलं, "काय बिघडलं होतं गं?"

सरवरीनं त्याच्या तळहातावर एक रेवडी ठेवली. त्यानं ती चाचपली, वास घेतला.

"हे कुठं बसवलेलं होतं?" त्यानं विचारलं.